ताटावरून पहिलं कोण उठलं

परदेशातून परत आल्यावर अमरावतीत जो भेटला त्यानं आधी थंडीचंच विचारलं. थंडी होती, लय होती. दोन स्वेटर, त्यावर माझा कोट, त्यावर लेकीचा कोट. मी चालायला लागले की गादी चालल्यासारखी दिसायची. थंडीचं एवढ्यावरच उरकते, कारण मला सांगायचं आहे ते एका जेवणाचं, आणि ते मला वर्ष उलटून गेलं तरी नीटसं उमगलेलं नाही. तुम्हाला उमगलं तर मला कळवा.

मी एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, त्यातली बरीचशी सर्जरीच्या वॉर्डात. निवृत्त झाले तशी लेक मागे लागली, "आई, घरी काहून बसतं आता? ये न इकडं." माझी लेक स्नेहल. चेक देशात ब्रनो नावाच्या शहरात ती संशोधन करते आणि तिथून बसनं पाऊण तासावरच्या एका गावात राहते. गाव आपल्या चांदूर बाजारापेक्षाही लहान. घरमालक म्हातारा-म्हातारी. म्हातारे यार्दा, रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि त्यांची बायको वेरा. मूलबाळ नाही. खाली ते दोघं, वरच्या खोलीत स्नेहल. आमचे हे काही आले नाहीत. विमानाची भीती वाटते असं न म्हणता ते "घराकडं कोणी पाह्यजे न" असं म्हणतात.

पोहोचले तो दिवस

बसमध्येच स्नेहलनं सांगून टाकलं, "आई, तुले एक काम हाय इथं."

"आल्या आल्या? चहा तं पाज."

काम असं होतं. यार्दाभाऊंच्या हृदयाची एक झडप निकामी होत आली होती. जानेवारीत ऑपरेशनची तारीख मिळाली होती आणि म्हातारा जायला तयार नव्हता. आधीच्या दोन तारखा त्यांनी मोडल्या होत्या. त्यांचा भाऊ तसल्याच ऑपरेशनला गेला तो टेबलावरून परत आला नाही, तेव्हापासून दवाखान्याचं नाव काढलं की ते टोपी घालून बागेत निघून जायचे. डॉक्टरनं वेराताईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, ही तारीख मोडली तर पुढची द्यायची गरज पडणार नाही.

"तू सिस्टर होती," स्नेहल म्हणाली. "तुयं ऐकतीन ते."

घरी पोहोचले, यार्दाभाऊंच्या हातात हात दिला, आणि ते बूट काढेपर्यंत थांबून मी आधी त्यांचे पाय पाहिले. नडगीवर अंगठा दाबला तर खड्डा तसाच राहिला, म्हणजे पायांत पाणी साचलेलं. अंगणातून घरात यायला दहा पायऱ्या. त्यात ते दोनदा थांबले, आणि दोन्ही वेळा आकाशाकडं पाहून हवामानाविषयी काहीतरी बोलले. असे पेशंट मी कितीतरी पाहिलेत. दम लागला हे कबूल करायचं नसतं.

टबातला मासा

दुसऱ्या दिवशी आंघोळीला गेले आणि बोंबलत बाहेर आले. टबात मासा होता! हातभर लांब, काळपट, जिवंत, आणि माझ्याकडं असा पाहत होता जसा काही मीच त्याच्या घरात घुसले.

"आई, वरडू नको. तो नाताळाचा हाय," स्नेहल वरून धावत आली. "दोन-तीन दिवस चांगल्या पाण्यात ठेवतात त्याले. चिखलाचा वास जाते."

"मंग मी आंघोळ कोठी करू?"

"वर बेसिन हाय न."

बेसिनपाशी उभं राहून मगानं आंघोळ करणं काय असतं ते मला विचारा. त्याहून चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे वेराताई रोज सकाळी टबाशी जाऊन त्या माशाला हसून काहीतरी म्हणायच्या. मी स्नेहलला विचारलं तर ती म्हणाली, सुप्रभात म्हणतात. परवा ज्याला तळायचं त्याला आज सुप्रभात! पाहुणीनं सगळंच विचारू नये.

त्या तीन दिवसांत मी यार्दाभाऊंच्या मागे लागले. कागदावर हृदय काढलं, झडप काढली, बाण काढले. आमच्या वॉर्डातून असे किती जण चालत घरी गेले ते सांगितलं. स्नेहल भाषांतर करून करून थकली. ते सगळं मन लावून ऐकायचे, मान हलवायचे, मला आलुबुखाराची दारू पाजायला पाहायचे (मी नको म्हटलं की त्यांना ऑपरेशनपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटायचं) आणि शेवटी म्हणायचे, नाही. पालथ्या घड्यावर पाणी. तिसऱ्या दिवशी ते एवढंच बोलले, "बाई, तुम्ही सुरी मुठीकडून पाहिली आहे."

एकतीस वर्षांत मला कोणी असं बोललं नव्हतं. वेराताई ओट्याशी पाठ करून उभ्या होत्या. त्यांच्या हातातला बटाटा सोलून संपला होता तरी त्या सोलतच होत्या.

नाताळची संध्याकाळ

त्यांचा खरा सण चोवीस तारखेच्या संध्याकाळी. दिवसभर उपास. वेराताई म्हणाल्या, कडक उपास धरला तर संध्याकाळी भिंतीवर सोन्याचं डुकराचं पिल्लू दिसतं. उपास मला समजला, डुक्कर समजलं नाही.

मी ठरवलंच होतं, रिकाम्या हातानं त्यांच्या ताटावर बसायचं नाही. अमरावतीहून चण्याची डाळ, गूळ आणि बरणीभर तूप नेलं होतं. पुरणयंत्र कुठून आणणार, पण वेराताईंकडं खसखस दळायचं हातानं फिरवायचं यंत्र निघालं. त्यातून पुरण अडकत अडकत, पण छान मऊ निघालं. त्या यंत्र फिरवायच्या, मी डाळ टाकायची. एक शब्द एकमेकींचा कळत नव्हता, तरी दुपारभर आम्ही बोलत होतो. मध्येच त्यांनी खिडकीतून बागेत उभ्या असलेल्या नवऱ्याकडं बोट दाखवलं, मग टेबलाच्या त्याच्या खुर्चीकडं, आणि मग बोटानं हवेत एक मोठा गोल काढला. पुढल्या वर्षी. एवढं मला बिनभाषेचं कळलं. पुढल्या नाताळाला तो माणूस त्या खुर्चीत बसलेला त्यांना पाहिजे होता, बाकी काही नको होतं.

अंधार पडला तसे आम्ही चौघं टेबलाशी बसलो. आणि मी चक्रावलेच. वेराताईंनी सगळा स्वयंपाक आपल्या खुर्चीभोवती मांडला होता. डाव्या हाताला स्टुलावर सूपचं पातेलं, उजवीकडं बटाट्याच्या सॅलडचा कुंडा, मागे खिडकीच्या फळीवर तळलेला मासा (माझा टबातला सोबती; मी त्याच्याकडं पाहिलं नाही), पाण्याचे जग, जास्तीचे चमचे, मीठसुद्धा. आपल्याकडं सुगरण बाई दहा वेळा आत-बाहेर करते. मी मनात म्हटलं, गुडघे दुखत असतील बिचारीचे. माझ्या ताटाखाली माशाचं खवलं चिकटलेलं दिसलं. धुताना राहिलं असेल म्हणून मी कोणाला न दाखवता ते रुमालात गुंडाळलं. ते मुद्दाम ठेवलेलं असतं, बरकतीसाठी पाकिटात जपून ठेवायचं असतं, हे मागाहून कळलं.

बसल्यावर वेराताई गंभीरपणे काहीतरी बोलल्या.

"आई, ताई म्हणून राहिल्या, जेवण होईपर्यंत कोणी उठू नका," स्नेहलनं सांगितलं. "काही लागलं तं त्याईले सांगा."

"ते तं म्हणतीनच," मी म्हटलं.

आता तुम्हीच सांगा. आपल्या वऱ्हाडात यजमानीण "तुमी बसा, उठू नोका" म्हणते तेव्हा काय करायचं असतं? उठायचं असतं! जी खरोखर बसून राहते तिचं नाव पुढच्या लग्नापर्यंत निघतं. पंगतीतून मध्येच उठू नये हे आपल्याकडंही आहे, पण ते जेवणाऱ्यांना. वाढणारी उभीच असते. आणि पोळ्या तर माझ्या होत्या. ज्याच्या घरचं गोड त्यानं आपल्या हातानं, पाठीमागून येऊन, नको नको म्हणेपर्यंत वाढायचं. त्या मी मुद्दाम आत कोमट ओव्हनमध्ये कापडात ठेवल्या होत्या. थंड पुरणपोळी कोणी खाते का?

मासा खाऊन होत आला, आणि मी उठले.

यार्दाभाऊंचा काटा हवेत राहिला. वेराताईंनी दोन्ही हात टेबलावर टेकले आणि घाईघाईनं उठायला लागल्या. मी ओळखलं, ‘राहू द्या, मी आणते’ असं चाललंय! हा डाव मी लहानपणापासून खेळत आले. मी त्यांच्या मागे गेले, खांद्यांवर हात ठेवले आणि खाली बसवलं. "तुमी बसा हो ताई, मी हाय न!" त्या पुन्हा उठायला लागल्या, चांगलाच जोर केला त्यांनी. पण मी गुंगीतून उठणारे पेशंट खाटेवर धरून ठेवलेली बाई. बसवलंच. मग आत जाऊन पोळ्या घेऊन आले.

वाढल्या. वरून तुपाची धार सोडली. कोणी हात लावेना. वेराताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"जायफळ जास्त झालं काय?" मी स्नेहलला विचारलं.

"मले काय मालूम, आई! बस न तू आता!"

तेवढ्यात यार्दाभाऊ हसायला लागले. हळूहळू, मग मोठमोठ्यानं, दम लागेपर्यंत. ते दोन पोळ्या खाऊन गेले आणि तिसरी मागितली. मी वाढली. जेवण झाल्यावर वेराताई काहीतरी बोलल्या आणि आम्ही सगळे एकदम उठलो, आणि त्यांनी माझा हात जो धरला तो सोडेचनात. मग घंटी वाजवली, झाडाखालच्या भेटी उघडल्या. त्यांनी कपाटातून स्वतःची लोकरीची शाल काढून माझ्या अंगावर घातली आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ पाहत राहिल्या. मी म्हटलं, असेल यांच्यात रीत.

दुसऱ्या दिवशी

सकाळी यार्दाभाऊंनी आम्हा मायलेकींना चहाला खाली बोलावलं. भिंतीवरचं नव्या वर्षाचं कॅलेंडर काढून त्यांनी टेबलावर ठेवलं होतं आणि जानेवारीतल्या एका तारखेभोवती लाल गोल केला होता.

"ते ऑपरेशनले जातो म्हणून राहिले!" स्नेहल म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, लागलं एकदाचं माझं चित्र कामाला. चित्र कसलं! ते सांगत गेले आणि स्नेहलचा आवाज बारीक होत गेला.

त्यांच्याकडं मानतात, नाताळच्या ताटावरून जो पहिला उठतो तो पुढच्या नाताळाला त्या टेबलाशी नसतो. वर्षाच्या आत जातो. म्हणून सगळा स्वयंपाक खुर्चीभोवती. म्हणून शेवटी सगळ्यांनी एकदम उठायचं. त्यांचा भाऊ ऑपरेशनच्या आधीच्या नाताळाला फोन वाजला म्हणून उठला होता, आणि नंतर ऑपरेशनच्या टेबलावर गेला. "या वर्षीचं जे होतं ते तुम्ही उचललं," यार्दाभाऊ म्हणाले. "मग आता मी कशाला घाबरू?" असं म्हणून त्यांनी रात्रीची उरलेली पोळी चहात बुडवली.

वेराताई माझ्याकडं पाहत नव्हत्या.

"आणि आई," स्नेहल हळूच म्हणाली, "ताई तुया आधी उभ्या राहाले पाहत होत्या. पाहुणीवर येऊ नये म्हणून. तू दाबून बसोलं त्याईले."

मला काय वाटलं ते सरळ सांगते. आधी हसू आलं. मग राग आला. आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात शकुन नाही, अपशकुन नाही, मांजर आडवं गेलं तर आम्ही मांजरालाच बाजूला हो म्हणतो. ऑपरेशनला नेताना पेशंटच्या दंडातले गंडेदोरे मी स्वतः कापलेत, नातेवाइकांच्या शिव्या खाऊन. तोंडावर आलं होतं, यार्दाभाऊ, हे सगळं झूट आहे. पण झूट आहे हे त्यांना पटलं तर? तर तो लाल गोल खोडला जाणार. तीन दिवस विज्ञान सांगून जो हलला नाही तो एका पुरणपोळीनं हलला होता. धरलं तर चावते, सोडलं तर पळते!

"आई, तू काई बोलू नको," स्नेहल म्हणाली.

मी चहा प्यायले. आणि पिता पिता मनातल्या मनात पुढल्या नाताळापर्यंतचे महिने मोजले, तेही लिहून ठेवते. कोणाला सांगू नका.

निघायच्या दिवशी वेराताई बसथांब्यापर्यंत आल्या. मी स्नेहलला म्हटलं, "त्याईले सांग, मी मानत नाई हे. काळजी करू नका."

त्यांनी ऐकलं, विचार केला आणि उत्तर दिलं. "त्या म्हणतात," स्नेहल म्हणाली, "मानणाऱ्यावरच येते असं थोडंच हाय?"

अमरावती

ऑपरेशन झालं. मार्चमध्ये स्नेहलनं व्हिडिओ पाठवला. यार्दाभाऊ अंगणातून दहा पायऱ्या न थांबता चढले आणि वर जाऊन टोपी काढून नाटकातल्या राजासारखे वाकले. मी तो वॉर्डातल्या जुन्या मैत्रिणींना दाखवला.

वेराताईंचा फोन मात्र दर रविवारी. बोलायला भाषा नाही, स्नेहल प्रत्येक वेळी जवळ असेलच असं नाही. त्या नुसत्या माझ्याकडं पाहायच्या. रंग पाहायच्या, डोळे पाहायच्या, मी पेशंटला पाहते तसं. मी हसले की हात हलवून फोन ठेवायच्या. आमचे हे म्हणायचे, "हे कोणतं बोलणं हाय बाप्पा तुमचं?" यांना मी काही सांगितलं नव्हतं.

पावसाळ्यात परतवाड्याहून येताना आमची काळीपिवळी जीप घसरून नाल्यात गेली. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. पण जीप कलंडली तेव्हा मला ना यांची आठवण आली, ना लेकीची. मला ते टेबल आठवलं. मला माझीच लाज वाटली. त्या रविवारी वेराताईंचा फोन आला तेव्हा मी पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घातला होता.

असं करत डिसेंबर आला. मी जिवंत, यार्दाभाऊ जिवंत. म्हटलं चला, शकुन खोटा ठरला, आता तरी सोडतील. चोवीसला स्नेहलचा व्हिडिओ कॉल आला. त्यांची संध्याकाळ, आमची जेवायची वेळ थोडी टळलेली. तिनं फोन ग्लासाला टेकवून त्यांच्या टेबलावर उभा केला होता. यार्दाभाऊ त्यांच्या खुर्चीत, गुलाबी गालांचे, आणि वेराताईंच्या भोवती पातेली, कुंडे, जग. सगळं तसंच.

इकडं मीही वरणाचं पातेलं, पोळ्यांचा डबा, तुपाची वाटी माझ्या खुर्चीभोवती मांडून ठेवली होती.

"हे काय मांडून राहिली?" यांनी विचारलं.

"गुमान बसा. अन् उठू नका."

"पाणी?"

"हे घ्या पाणी."

पाच जण, दोन देश, एक जेवण. यार्दाभाऊंनी पेला उंचावून माझ्याकडं पाहिलं आणि डोळा मारला. जेवण संपलं.

"आई, बाबा, आता सगळे एकदम उठू," स्नेहल म्हणाली. "वेराताई तीन म्हणतीन तवा. कोणी आधी नाई."

वेराताईंनी मोजायला सुरुवात केली. एक.

दोन.

आणि दोनलाच त्या उठल्या.

चूक नव्हती ती. सरळ, सावकाश उठल्या, खुर्ची मागे सारून. तेव्हा स्नेहल पडणारा फोन सावरत होती, यार्दाभाऊ पेल्यातला शेवटचा घोट घेत होते, आणि आमचे हे गुडघ्यावर हात ठेवून तयारी करत होते. मग त्यांनी तीन म्हटलं आणि आम्ही सगळे उठलो. सगळे हसले, टाळ्या वाजवल्या. वेराताई फोनमधून थेट माझ्याकडं पाहत होत्या. या वेळी त्यांच्या खांद्यांवर हात ठेवायला मी तिथं नव्हते.

मी शकुन मानत नाही. अजूनही नाही. पण आता दर रविवारी फोन मी लावते, आणि त्या उचलेपर्यंत माझ्यानं खाली बसवत नाही.